पॉटलक झालं, पाट्या लागल्या, पण प्लॅनिंग बोर्डाच्या मीटिंगला कोण गेलं?

आधी प्रश्न थोडक्यात. तुम्ही सेंट्रल न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये (म्हणजे स्वतःचा कारभार असलेल्या गावात) दोन वर्षांपूर्वी घर घेतलंत. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या गल्लीतल्या एका ब्लॅक कुटुंबातला १६ वर्षांचा मुलगा मित्राची वाट बघत कोपऱ्यावर उभा होता, कुणीतरी शेजाऱ्यांच्या ॲपवर ‘संशयास्पद व्यक्ती’ म्हणून टाकलं आणि पोलिस आले. त्यानंतर रहिवाशांच्या असोसिएशनने सगळ्यांना सामावून घेण्यासाठी म्हणून एक कमिटी काढली, त्यात ‘एशियन मेंबर’ म्हणून तुम्हाला बोलावलं. आत्तापर्यंत एक पॉटलक (प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असं जेवण) झालंय आणि ‘इथे सर्वांचं स्वागत आहे’ अशा पाट्या अंगणात लागल्यात. दुसरीकडे तुमच्यापासून अर्ध्या मैलावर अफोर्डेबल हाउसिंगचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशा घरांचा, प्रोजेक्ट येतोय, आणि तुमच्याच देशी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्याविरुद्ध सह्या गोळा करणं चालू आहे. कमिटीत काय करावं आणि ग्रुपवर गप्प बसावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी याच राज्यात फेअर हाउसिंगचं काम करते, म्हणजे घर नाकारलं गेलेल्या भाडेकरूंच्या तक्रारी, टाउनशिपच्या सुनावण्या, रहिवाशांच्या संघटना उभ्या करणं, असलं सगळं. पॉटलकला माझा अजिबात विरोध नाही, साबुदाणा वडे नेले तर पहिल्या दहा मिनिटांत संपतात. पण तिथं जे भेटतात ते त्या गल्लीत आधीच घर घेऊ शकलेले लोक असतात. खरा मुद्दा हा आहे की त्या गल्लीत कोण राहायला येऊ शकतं हे ठरवतं कोण, आणि जो आला त्याला तिथं न घाबरता कोपऱ्यावर उभं राहता येतं का. कमिटी आणि प्रोजेक्ट दोन्ही याच्यातच आले, म्हणून एकत्रच उत्तर देते, लांब झालं तर सांभाळून घ्या.

काही गोष्टी मला तुमच्या पोस्टवरून कळलेल्या नाहीत आणि उत्तर त्यावर बरंच अवलंबून आहे. तुमची असोसिएशन फी गोळा करणारी कायदेशीर एचओए (घरमालकांची संघटना) आहे की नुसती हौशी? भाडेकरूंना तिथं मत आहे का? प्रोजेक्ट टाउनशिपच्या मंजूर हाउसिंग प्लॅनमधला आहे, की बिल्डर स्वतंत्रपणे व्हेरियन्स, म्हणजे बांधकामाच्या नियमांतून सूट, मागतोय? दुसऱ्या राज्यातल्या कुणी हे वाचत असेल तर कायद्याचा भाग जसाच्या तसा लावू नका, इथले नियम वेगळे आहेत.

आपल्यातले बहुतेक जण इथं आले तेव्हा वस्त्या अशाच होत्या, गोरे एकीकडे, ब्लॅक लोक दुसरीकडे, त्यामुळे आपल्याला वाटतं की ज्याला जिथं परवडलं तिथं तो राहिला. तसं झालेलं नाहीये. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनेच शहरांचे नकाशे रंगवले, ब्लॅक वस्त्या लाल रंगात, आणि तिथं कर्ज देणं धोक्याचं असा शेरा. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी सरकारी हमीची घरकर्जं निघाली, तेव्हा न्यू यॉर्क आणि उत्तर न्यू जर्सीच्या उपनगरांत अशी ६७,००० कर्जं झाली आणि त्यातली गोरे नसलेल्यांना मिळालेली १०० पण नव्हती. हा आकडा मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते, कारण त्या घरांच्या किमती वाढल्या, त्यावर पोरांची कॉलेजं झाली, मग त्या पोरांनी घरं घेतली, आणि ज्यांना पहिलं घरच मिळालं नाही त्यांची पुढची पिढी आज त्याच एरियात घर बघायला जाते तेव्हा तिच्याकडे डाउन पेमेंटला आईवडिलांचा पैसा नसतो.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर विलिंगबरोची गोष्ट सांगते, आपल्याच राज्यातली आहे. लेव्हिट नावाच्या बिल्डरने १९५८ मध्ये तिथं लेव्हिटटाउन बांधायला घेतलं, कर्जाला केंद्र सरकारचा पाठिंबा, आणि तरी ब्लॅक कुटुंबांना घर विकणार नाही असं उघड धोरण. विली जेम्स नावाच्या ब्लॅक लष्करी अधिकाऱ्याने तक्रार केली, प्रकरण न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६० मध्ये लेव्हिट हरला. ब्लॅक कुटुंबं यायला लागली. मग दुसरा खेळ सुरू झाला, गोऱ्या घरमालकांमध्ये भीती पसरली की आता भाव कोसळणार, तेव्हा आत्ताच विका. ही पळापळ थांबवायला टाउनशिपने १९७४ मध्ये अंगणात ‘विकणे आहे’ अशी पाटी लावायलाच बंदी घातली. हेतू चांगला होता. पण १९७७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती बंदी अभिव्यक्तीस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली. तुमच्या स्वागताच्या पाट्या कुणी काढायला लावणार नाही, पण पाटी लावल्याने किंवा काढल्याने त्या घरात कोण येणार हे बदलत नाही हे विलिंगबरोने फार आधी बघितलंय.

आता तुमचा प्रोजेक्ट. याची मुळं माउंट लॉरेलमध्ये आहेत, विलिंगबरोच्या अगदी जवळच. तिथं एथेल लॉरेन्स नावाची ब्लॅक बाई होती, तिचं घराणं सहा पिढ्या त्याच गावातलं. गाव झपाट्याने उपनगर होत होतं, जुनी स्वस्त घरं जात होती, आणि तिला आणि शेजाऱ्यांना ३६ साधे अपार्टमेंट बांधायचे होते. टाउनशिपने परवानगी नाकारली. १९७० मध्ये तिथल्या ब्लॅक लोकांच्या चर्चमध्ये येऊन मेयरने सांगितलं की परवडत नसेल तर गाव सोडा. केस १९७५ मध्ये जिंकली, आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की झोनिंगच्या (कुठे काय बांधायचं या नियमांच्या) नावाखाली गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही, वाढणाऱ्या प्रत्येक गावाला आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ द्यावी लागतील. गावांनी दुर्लक्ष केलं, म्हणून १९८३ मध्ये कोर्टाने परत जास्त कडक निकाल दिला. १९८५ मध्ये कायदा आला, पण त्यात एक पळवाट ठेवली होती, श्रीमंत टाउनशिप आपला अर्ध्यापर्यंतचा वाटा पैसे देऊन दुसऱ्या शहराच्या गळ्यात मारू शकत होती. म्हणजे घरं बांधा, पण ती तिकडे, जिथं आधीच गरिबी आहे तिथं. ही पळवाट २००८ मध्ये बंद झाली. आणि आता २०२४ च्या कायद्याने २०२५ ते २०३५ साठी प्रत्येक टाउनशिपचा वाटा नव्याने ठरलाय, प्लॅन जून २०२५ च्या अखेरीपर्यंत द्यायचे होते. तुमच्या ग्रुपवर अचानक एवढा गोंधळ का, याचं कारण बहुधा हेच.

‘भाव पडतील, क्राइम वाढेल, टॅक्स वाढेल’ हे तर तुमच्या ग्रुपवर आलंच असेल. एथेल लॉरेन्सच्या नावाची वसाहत शेवटी २००० मध्ये उघडली (ती १९९४ मध्ये वारली, तिला बघायला मिळाली नाही), आज तिथं १४० युनिट आहेत. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माउंट लॉरेलची तुलना आसपासच्या तशाच टाउनशिपशी केली. आजूबाजूच्या घरांच्या किमती, गुन्हे, टॅक्स, कशावरच त्या वसाहतीचा परिणाम सापडला नाही. उलट तिथं राहायला आलेल्यांचं भलं झालं, कामं मिळाली, मुलांना अभ्यासाला शांत जागा मिळाली. म्हणून सगळीकडे नेमकं असंच होईल असं मी म्हणणार नाही, त्या वसाहतीची देखभाल फार चांगली होती आणि वाईट मॅनेजमेंट असलेली इमारत कुठल्याही भाड्याची असो, शेजाऱ्यांना त्रास देतेच. पण त्यावरून प्रश्न विचारायचा तर मॅनेजमेंट कोण करणार हा विचारावा, कोण राहायला येणार हा नाही.

आणि कोण राहायला येणार हेही बघून घ्या जरा. तुमच्या मुलाच्या शाळेतल्या एड (मदतनीस), फार्मसीतली टेक्निशियन, तुमच्या आईला बघायला येणारी होम हेल्थ एड, पहिल्या दोन-चार वर्षांतले शिक्षक. यातले काही आपलेच लोक असतात. एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर) आलेली, घटस्फोट झालेली, दोन मुलं घेऊन बेसमेंटमध्ये राहणारी मराठी बाई मी पाहिलीय, तिलाही याच घरांच्या लॉटरीचा अर्ज भरायचा असतो.

आता कमिटीने करायचं असं एक ठोस काम सांगते, आणि माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं. प्रोजेक्टचा साइट प्लॅन मागवा आणि चारपाच जणांनी जेवणाच्या टेबलावर पसरून बघा. अफोर्डेबल युनिट सगळ्या इमारतींत मिसळलेली आहेत की एकाच इमारतीत कोंबलीत? असं बरेचदा दिसतं, की पुढे बाल्कनीवाल्या सहा इमारती, मध्ये क्लबहाउस आणि पूल, आणि सातवी इमारत एकदम मागे, पावसाचं पाणी साठवायच्या खड्ड्यापलीकडे, हायवेच्या बाजूला, शेजारी कचऱ्याच्या पेट्यांची जागा, आणि क्लबहाउसकडून येणारा फुटपाथ तिच्या आधीच संपतो. नकाशावर ती एक बारीक रेघ असते. पण त्या रेघेवर ठरतं की तिथली मुलं आणि इथली मुलं एकत्र खेळणार की नाही. बेडरूम पण मोजा. राज्याच्या नियमाप्रमाणे अफोर्डेबल युनिटपैकी किमान २० टक्के तीन बेडरूमची असावी लागतात, पण टाउनशिपचा जीव नेहमी लहान युनिट आणि फक्त ज्येष्ठांसाठीच्या घरांमध्ये असतो, कारण आजीआजोबांना शाळा लागत नाही. ज्येष्ठांची घरं हवीतच, पण फक्त तीच पुढे रेटली जात असतील तर समजून जा की लहान मुलांच्या कुटुंबांना सभ्यपणे टाळणं चाललंय, म्हणून कायद्याने त्याला मर्यादा घातलीय.

तिसरी गोष्ट, जाहिरात. ही युनिट फक्त गावात गुपचूप वाटायची नसतात, आसपासच्या पूर्ण भागात, ज्या समाजांपर्यंत बातमी सहसा पोचत नाही तिथं मुद्दाम जाहिरात करावी लागते. इथं तुमची कमिटी खरंच उपयोगी पडू शकते, ब्लॅक चर्च, स्पॅनिशमधली चर्चची प्रार्थना, मशीद, गुरुद्वारा, मंदिर, सगळीकडे अर्जाची तारीख आणि कुठली कागदपत्रं लागतात हे पोचवणं. अर्ज करणारे बरेच जण पगाराच्या स्लिप आणि टॅक्स रिटर्नमध्येच अडकतात, आपल्याकडं टॅक्स फॉर्म भरण्यात हुशार लोकांची काही कमी नाही.

कमिटीच्या रचनेबद्दल. ‘एशियन मेंबर’ ही जागा मला खटकली, तुम्हालाही खटकली असणार म्हणून तर विचारलंत. अशा कमिटीत एक ब्लॅक, एक एशियन, एक लॅटिनो असे नग बसवतात आणि निर्णय मात्र जुनी असोसिएशनच घेते. याच्या उलट कसं करता येतं ते बॉस्टनच्या डडली स्ट्रीटवर दिसतं. १९८० च्या दशकात तो भाग जळालेल्या इमारतींनी आणि रिकाम्या प्लॉटांनी भरला होता, बाहेरचे लोक ट्रक भरून कचरा आणून टाकायचे. एका फाउंडेशनच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सुधारणेची योजना निघाली, पण ती लोकांसमोर मांडली तेव्हा रहिवासी चिडले, मंडळात इथं राहणारे किती आहेत असं त्यांनी विचारलं. मोजकेच होते. आयोजकांनी (हे त्यांचं मोठेपण) मसुदा मागे घेतला, रचना बदलली. नव्या मंडळात रहिवाशांचं बहुमत, आणि ब्लॅक, केप व्हर्डियन (केप व्हर्डी बेटांवरून आलेले), लॅटिनो, गोरे या चारही समाजांना सारख्या जागा, कुणाची लोकसंख्या किती हे न बघता. मीटिंगला भाषांतराची सोय. त्या संघटनेने आधी कचरा टाकणं बंद पाडलं आणि १९८८ मध्ये शहराकडून रिकामी खाजगी जमीन सक्तीने ताब्यात घेण्याचा अधिकार मिळवला, रहिवाशांच्या संघटनेला असा अधिकार मिळणं ही अतिशय दुर्मिळ गोष्ट. जमीन एका सामुदायिक ट्रस्टकडे ठेवली, त्यामुळे त्या जमिनीवरचं घर विकलं तरी किंमत आवाक्यात राहते, एरिया सुधारला म्हणून जुने लोक बाहेर फेकले जात नाहीत.

तुमच्याकडे जमीन नाही, फाउंडेशन नाही, ठीक आहे. पण जागांचा नियम तुम्ही मागू शकता. भाडेकरूंना मत, रस्त्यापलीकडच्या अपार्टमेंटला जागा, बजेटमधल्या थोड्या पैशावर कमिटीचाच अधिकार. मीटिंग संध्याकाळी सातला क्लबहाउसमध्ये ठेवली तर शिफ्टवाला येणार नाही, एकदा शनिवारी सकाळी लायब्ररीत ठेवून बघा, मुलांसाठी बाजूला रंगपेट्या, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या एका माणसाला दुभाष्याचे रीतसर पैसे द्या, फुकट राबवू नका. असोसिएशन यातलं काहीच द्यायला तयार नसेल तर त्या खुर्चीत बसून फोटोपुरते राहण्यात काही अर्थ नाही, सरळ सांगा आणि बाहेरून काम करा. आणि हो, ज्या मुलामुळे हे सगळं सुरू झालं त्याच्या घरच्यांना कुणी विचारलं का त्यांना काय हवंय? मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत ते राहूनच जातं. त्यांना कमिटीत ओढू नका, स्टेजवर बोलायला तर अजिबात लावू नका, पण घरी जाऊन विचारा. ‘पोलिसांना फोन कुणी केला ते नको, पुन्हा होणार नाही एवढं बघा’ असंच बहुतेक वेळा ऐकायला मिळतं.

पुन्हा होऊ नये याचा एक चांगला नमुना कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडचा आहे. तिथल्या रहिवाशांच्या एका गटाने नेक्स्टडोर या शेजाऱ्यांच्या ॲपच्या कंपनीच्या मागे लागून २०१६ मध्ये तक्रारीचा फॉर्मच बदलायला लावला. तुम्ही माणसाचा वंश लिहिलात तर कपडे, बूट, केस असं आणखी वर्णन द्यावं लागायचं, आणि तो नक्की काय करत होता ते आधी लिहावं लागायचं. नुसतं ‘ब्लॅक मुलगा उभा आहे’ पुढे जायचं नाही. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे वंशावरून संशय घेणाऱ्या पोस्ट ७५ टक्क्यांनी कमी झाल्या. कुणाचं मन वगैरे बदललं नाही हो, फक्त दोन प्रश्न जास्त विचारले. तुमच्या गल्लीच्या ग्रुपला हाच नियम लावा, ॲडमिनने लावायचा, एका संध्याकाळचं काम आहे.

आता जरा आपल्याकडे बघू. न्यूजडे या वर्तमानपत्राने २०१९ मध्ये लाँग आयलंडवर घरांच्या एजंटांची परीक्षा घेतली, सारख्याच उत्पन्नाचे पण वेगळ्या वंशाचे दोन ग्राहक पाठवायचे, छुपे कॅमेरे लावून. ब्लॅक ग्राहकांना ४९ टक्के वेळा वेगळी वागणूक, एशियन लोकांना १९ टक्के वेळा. मी स्वतः अशा टेस्टिंगची कागदं तपासते, त्यात शिवीगाळ जवळपास नसतेच. एजंट गोड बोलतो, आणि एकाला म्हणतो ‘इथल्या शाळा तुम्हाला आवडतील’, दुसऱ्याला दुसऱ्याच गावाची यादी पाठवतो. देशी एजंटही हेच करतात, ‘त्या बाजूला नको, आपले लोक या बाजूला आहेत’, आणि आपण त्याला आपुलकी समजतो. ग्रुपवर ‘सेफ एरिया’ म्हणताना आपल्या डोळ्यासमोर कोण नसतं ते आपल्याला माहीत असतं. १९८७ मध्ये जर्सी सिटीत डॉटबस्टर्स नावाची टोळी टिकली लावणाऱ्या बायकांच्या मागे लागली होती, त्याच वर्षी होबोकेनमध्ये नवरोज मोदींना मारहाण करून जीव घेतला गेला. तेव्हा ‘एरिया बिघडवणारे’ आपण होतो. आणि आज आपण घर घेतो त्या हक्काचा १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात सही झालेला आहे, तो आपण आंदोलन करून मिळवलेला नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, साइट प्लॅन वाचा, अर्ज पोचवा, कमिटीत मताचा अधिकार मागा, ॲपला नियम लावा. यासोबत एक काम असं धरा ज्यात सगळ्यांचाच फायदा आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाचं पाणी आलं तेव्हा मी ज्या गावात काम करत होते तिथं उतारावरच्या अपार्टमेंटचे बेसमेंट बुडाले, बहुतेक ब्लॅक आणि ग्वाटेमालन भाडेकरू, आणि पाणी येत होतं ते वरच्या अंगाच्या मोठ्या घरांच्या ड्राइव्हवेवरून. वरच्यांना हे माहीतच नव्हतं. मग दोन्हीकडच्या लोकांनी पावसात छत्र्या घेऊन रस्त्यावरची गटारं तपासली, कुठलं पानांनी तुंबतं, कुठलं फुटलंय ते एका वहीत लिहिलं आणि यादी टाउनशिपच्या पब्लिक वर्क्स (रस्ते-गटारांच्या) खात्याच्या टेबलावर ठेवली. सगळी दुरुस्ती अजूनही झालेली नाही. पण त्या लोकांकडे आज एकमेकांचे फोन नंबर आहेत, आणि पुढच्या सुनावणीला ते एकत्र येऊन बसले.

ग्रुपवर गप्प बसू नका, पण भाषण पण देऊ नका, वंशवादावरचा निबंध टाकलात तर दहा जण म्यूट करतील. मी असं काहीतरी लिहीन, ‘सही करण्याआधी एक बघा, प्रोजेक्ट मंजूर प्लॅनमधला असेल तर टाउनशिपने तो अडवला की कायद्याचं संरक्षण जाऊ शकतं, मग बिल्डर कोर्टातून जास्त युनिट मागू शकतो. त्यापेक्षा फुटपाथ, बसस्टॉप, पाण्याचा निचरा आणि पार्किंग यावर बोलायला मी जाणार आहे, कोण येतंय?’ हे खरंही आहे आणि स्वार्थाच्या भाषेत आहे. ब्लॅक लोकांसाठी तो नेहमीचा देशी शब्द कुणी वापरला तर मात्र तिथंच, नाव घेऊन, एका ओळीत थांबवा. चिडतील, मग एकदोन जण खाजगीत मेसेज करतील की बरं केलंत.

आणि तारखा हातातून जाऊ देऊ नका. बिल्डरच्या अर्जाची कागदपत्रं प्लॅनिंग बोर्डाच्या (बांधकामांना परवानगी देणाऱ्या मंडळाच्या) सुनावणीच्या किमान १० दिवस आधी बघायला ठेवावी लागतात, टाउनशिपच्या ऑफिसात जाऊन मागा. सुनावणीची घरपोच नोटीस फक्त २०० फुटांच्या आतल्या मालमत्तेच्या मालकांना जाते, तुम्ही अर्ध्या मैलावर आहात म्हणजे तुम्हाला येणार नाही, आणि भाडेकरूंना तर दाराशेजारी बांधकाम असलं तरी येत नाही. त्यामुळे तारीख कळली की इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये छापून अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये लावा, तिथं थांबून सगळेच वाचतात.